सिडकोतल्या काकूंची खोली

बुधवार, संध्याकाळ

खोली मिळाली! सिडकोत, आणि भाडंही परवडणारं. आधीच्या दोन घरमालकांनी घटस्फोटाचं ऐकून मला वाटेला लावलं होतं. म्हणून आज "नवरा दुबईला असतो" असं ठोकून द्यायचं ठरवूनच गेले. पण काकूंनी "मिस्टर काय करतात?" विचारलं आणि माझ्या तोंडून खरं तेच निघालं, "काकू, मी त्यांना सोडलंय." खोटं बोलायचा कंटाळा आला होता की काय, कोण जाणे.

गेली हीपण खोली, म्हणत मी पर्स उचलली. तेवढ्यात काकू आत बघून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? हिने खरंच सोडलं! मी आपली तीस वर्षं नुसती धमकीच देतेय."

काका मुकाट्याने चावी घेऊन बाहेर आले. बिचारे माझ्याकडे बघेनातच.