लिंबाखालच्या देवाला छप्पर

बारामती,
श्रावण शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप अप्पाकाका आणि सारजाकाकू यांच्या पायांवर कौसल्या डोकं ठेवते. निरवांगीहून एस.टी.नं पाठवलेलं सामान पोचलं, ते असं: हुलगे एक पायली, गुळाची लहान ढेप, सांडगी मिरच्या अर्धा शेर (थोड्या दमट). हमालानं दोन आणे घेतले. टांगेवाला सहा आणे म्हणाला, म्हणून ढेप काखोटीला मारून चालत आणली. काकूंचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधावं, डॉक्टरकडे जायची घाई करू नये.

आमच्या सासूबाईंचा दमा आहे तसाच. घरावर पत्रा, ऊन पडलं की आत त्यांना श्वास पुरत नाही, म्हणून त्या दिवसभर दारापुढच्या कडुलिंबाखाली बाजेवर असतात. (या झाडाचे फायदे पुष्कळ. पाला धान्यात घालावा, काडीनं दात घासावेत. पण सासूबाई न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत घराबाहेर, हा फायदा कुठल्याच पुस्तकात छापत नाहीत.) तर हे झाड जायची वेळ आली होती, आणि आता पुन्हा आली आहे.

झालं असं की आमच्या आळीत वृक्षसंवर्धन मंडळ निघालं. अध्यक्ष कुंडलिकराव. त्यांची लाकडाची वखार आहे, त्यामुळे झाडांशी संबंध जुना. आमचे हे चिटणीस, कारण अक्षर चांगलं. आषाढात वनमहोत्सव ठरला. रोपं सात, पाहुणे पुण्याचे, येणार मोटारीनं, आणि मोटार आमच्या कोपऱ्यावर वळेना, लिंब आडवा येतो. तेव्हा मंडळानं ठराव केला की झाडं लावण्याच्या कार्यात अडथळा आणणारं झाड काढून टाकावं. ठराव ह्यांनीच लिहिला, एकही खाडाखोड न करता. मी इतकंच म्हणाले की मग आईंची बाज अध्यक्षांच्या ओसरीवर टाकून या. हे पंचांग उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून मी लोणच्याच्या बरणीतला दाबाचा दगड काढला (तिथे आता पाण्याचा तांब्या ठेवते), घासून धुतला, शेंदूर-तेल लावलं आणि लिंबाच्या बुडाशी मांडून यथासांग पूजा केली. यात फसवणूक नाही, अप्पाकाका. देव चराचरात असतो हे तुम्हीच शिकवलंत. तेवढं माझ्याच दगडातून त्याला वगळायचं, हे मला पटत नाही. सासूबाई बाजेवरून निरखून म्हणाल्या, "ह्यो देव वळखीचा वाटतोय गं." मी म्हटलं, देव ओळखीचाच असावा. कुऱ्हाडवाले आले, वहाणा काढल्या, हात जोडले आणि मजुरी न मागता परत गेले.

महोत्सव व्हायचा तो झालाच. पाहुणे कोपऱ्यापासून घाम पुसत चालत आले आणि लिंबाखाली उभं राहून वृक्षांच्या सावलीवर तासभर बोलले. सगळी आळी सावलीत मावली, उन्हात राहिली ती फक्त सात रोपं. सहा शेळ्यांनी खाल्ली. सातव्याभोवती डांबराचं पिंप आहे, वर पाहुण्यांच्या नावाची पाटी. आत रोप आहे की नाही हे वाकून बघायची मंडळात पद्धत नाही.

इकडे देवाचं प्रस्थ वाढलं. शेजारच्या सरुबाईची म्हैस नमस्कार केल्यावर दूध देऊ लागली (व्याली होती, देणारच होती). मग नारळ सुरू झाले, मग मंगळवारची आरती. सासूबाई बाजेवरूनच अंगारा देतात आणि त्याबरोबर सुनांना कसं वागवावं तेही सांगतात. मला वाटलं, आता झाडाला भीती नाही. तेवढ्यात कुंडलिकराव दारात.

"वैनी, आमी पत्र्याखाली झोपायचं आन् देवानं पावसात भिजायचं? बरं दिसतं का? देऊळ बांधतोय."

मी म्हटलं, बांधा की.

"तेवढा लिंब काढावा लागंल. मुळं देवळाच्या पायात येत्यात."

म्हणजे लिंब वाचवायला देव आणला, आणि आता देवासाठी लिंब जाणार. लाकूड देवळाच्या खर्चापोटी वखारीत जमा. ठराव झालासुद्धा, अक्षर पुन्हा आमच्याच घरचं. आता दगड उचलावा तर आळी मला उचलेल. वैशाखात पत्र्याखाली सासूबाई किती दिवस काढतील, हे मी कोणापुढे बोलत नाही, पण रात्री त्यांची धाप ऐकू येते.

बाकी क्षेम. लहानथोरांना यथायोग्य सांगावं.

आपली,
कौसल्या

ता. क. आपल्या शिवेवरच्या म्हसोबाला छप्पर चालत नाही, घातलेलं दोनदा वाऱ्यानं नेलं, ही गोष्ट इथे कोणाला ठाऊक नाही. जत्रेत तुमच्या अंगात येतं ते खरंच आहे, मी कधी शंका घेतलेली नाही. फक्त या खेपेला देवाला विषय आधी सांगून ठेवावा. आरतीला येऊन एवढंच बोलावं की मला लिंबाखेरीज दुसरं छप्पर नको.

आणखी ता. क. येताना आमची ओळख दाखवू नये. जेवण सरुबाईकडे आहे. तिच्याकडे येणाऱ्या भगताला ती पुरणपोळी घालते, माझ्याकडे पिठलंच मिळेल.

आणखी एक. काल मी त्याच दगडाला नवस बोलले. अगदी मनापासून बोलले. तेव्हा तो ऐकेलच, पण भूमिपूजन येत्या शुक्रवारी आहे, म्हणून अंगात यायला मंगळवार जमेल की नाही ते उलट टपाली कळवावं.