तलवार पडली तो शिपाई

८ नोव्हेंबर ८७, रविवार
राहीने आज लाज काढली! शेजारच्या फरीदाकडे अख्खी वाडी टीव्ही बघत बसलेली, त्या जुन्या लढायांची मालिका — आणि ही ओरडली, "आजी, बाबा! तो बघ, शिपायांत!" पाठीत धपाटा घातला. खोट्या दाढ्या लावलेले ढीगभर शिपाई, त्यात हिला बाप दिसला. बाप मुंबईस गेला तेव्हा हिला नाक पुसता येत नव्हतं.

९ नोव्हेंबर
सावर्ड्याहून सुनेचा भाऊ आला, रावजी. चहा संपवून म्हणतो, "गिरणी बंद पडल्यापासून भागोजीचा पत्ता नाही. विमलाने किती वाट बघायची? दुसऱ्याशी पाट लावून देतो. माणूस बरा आहे, पोरीलाही सांभाळतो म्हणतो. फक्त भागोजी जिवंत असल्याची खबर आली तर तो माघार घेईल."
माझाच मुलगा. म्हटलं, "खबर नाही."
विमला चुलीकडे तोंड करून.

१५ नोव्हेंबर, रविवार
गेले. फरीदाकडे अगदी पुढे बसले. राहीला तंबी — तोंड उघडलंस तर घरी! खिडकीबाहेरही बायका उभ्या.
लढाई संपली. सगळ्यांनी तलवारी डाव्या बाजूच्या म्यानात घातल्या. एकाने मात्र न बघता हात पाठीमागे नेला — माडावर चढणारे कमरेच्या आकडीत कोयता अडकवतात ना, तस्सा! तिथे आकडी कुठली? तलवार पडली खाली. गडबडला मेला. खिडकीबाहेर कुणी बाई फस्सकन हसली.
मला नाही हसू आलं. भागोजीचा तो माडावर चढणारा हात मी वाढवलाय.
जिवंत आहे. अंगाने भरलाय. दाढी लावून लढाया खेळतोय, आणि इकडे एक ओळ नाही!
राहीने माझा हात दाबला.

१६ नोव्हेंबर
सांगितलं तर विमला राहील. राही राहील. मी एकटी पडणार नाही. आणि विमला? खिडकीशी बसून म्हातारी होईल, त्या दाढीवाल्यासाठी.
भाकरी करपली.

१७ नोव्हेंबर
रावजी पक्कं विचारायला आला. राही माझ्याकडे टक लावून.
म्हटलं, "असता तर पत्र आलं असतं. ने तुझ्या बहिणीला."
राही पाय आपटत परसात गेली. जेवली नाही.

१९ नोव्हेंबर
गेल्या दोघी, सकाळच्या एस्टीने. विमला पाया पडली, उठताना कानाशी म्हणाली, "आत्याबाई, तलवार पडली तेव्हा खिडकीबाहेर मीच हसले."