मांजराने पाडलेली गिटार

लासलगाव,
९ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप गोरक्षदादास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इकडे मजेत आहोत. लाल कांद्याची आवक वाढल्यापासून लिलाव पुकारून पुकारून ह्यांचा घसा बसला आहे. घरी आल्यावर हे फारसं बोलत नाहीत, हातानेच काय ते सांगतात. सासूबाई बऱ्या आहेत.

पत्रास कारण, लग्नात तू दिलेली गिटार शौकतभाईंच्या टेम्पोतून पाठवते आहे. मांजराने पाडली. खुंटीला टांगलेली होती, मांजर उंदरामागे धावलं आणि ही खाली आली. मान निखळली आहे, पाठीला भेग आहे. तू रागावशील, पण लवकर नीट करून पाठव. ती घरात नसली की मला करमत नाही. शौकतभाई कांदा घेऊन पंचवटीला येतच असतात, त्यांच्याकडेच परत दे.

नवीन कुठली करायला घेतली आहेस का? आपल्या घरी गिटार तयार झाली की तारांवर पहिला हात माझा असायचा. आता कुणाकडून वाजवून घेतोस? तू गॅलरीत सरस शिजवायला ठेवलास की शेजारच्या काकू नाकाला पदर लावायच्या, ते आठवून अजून हसू येतं. आता लग्न कर, म्हणजे बायको तरी तुला त्या सरसासकट घराबाहेर काढील.

लोभ आहेच, त्याला सरस लावायची गरज नाही.

तुझी,
मीना

---

सिडको, नाशिक,
१५ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप सौ. वत्सलाअक्का हिस,
गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

नामपूरला सगळे ठीक असतील. भावजींना नमस्कार सांग. माझं तेच, कारखान्यातून आलो की गॅलरी. सध्या नव्या गिटारीच्या बाजू वाकवतो आहे. ओली शिसवी पट्टी तापलेल्या पाइपावर धरायची आणि ती आपणहून ढिली पडेपर्यंत वाट बघायची. घाई केली की काडकन मोडते. तू याला खूळ म्हणतेस, असेलही.

पण आज लिहितो आहे ते मीनाबद्दल. तिची गिटार दुरुस्तीला आली आहे. मांजराने पाडली म्हणते. अक्का, खुंटीवरून पडलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत, माझ्याच हातून पडल्या आहेत. पडली की डोक्याकडून तुटते, नाहीतर खालची कड चेपते. हिची मान मुळातून उपटली आहे आणि पाठ आत गेली आहे. दोन्ही हातांनी मानेला धरून लाठीसारखी फिरवल्याशिवाय असं होत नाही. पाठीच्या भेगेत लांब केस अडकले होते. चिमट्याने काढले तेव्हा त्यांना माक्याच्या तेलाचा वास होता. मीना तेच तेल लावते.

सुनीलराव तिची पत्रं आधी वाचतात आणि मगच पेटीत टाकू देतात, हे ती दिवाळीत सहज बोलून गेली होती. म्हणून पत्रात मांजर आलं. मी येत्या रविवारी लासलगावला जाणार आहे आणि त्याचे दोन्ही हात तापलेल्या पाइपावर धरणार आहे. अडवायचं असेल तर लवकर अडव.

आशीर्वाद असू दे, रागावलीस तरी.

तुझा,
गोरक्ष

---

नामपूर,
१८ डिसेंबर १९९६

चि. गोरक्ष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा राग कळतो. पण अडवते आहेच. तू त्याला मारशील आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जाशील. मग तो दार लावून घेईल आणि आत मीना असेल. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, त्याच्यावर हात उचलायचा नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुझ्या भावजींनी माझ्या अंगावर पितळी भिरकावली होती. ती भिंतीला लागून चेपली. अजून घरात आहे, तिच्यात कोंबड्यांना दाणे टाकते. पुरुषाचा राग वस्तूवर निघाला की ओसरतो रे. गिटार मोडली तर मोडली, तुझ्यासारखा वेडा ती जोडायला बसलाच आहे. एकदा पाळणा हलला की माणूस निवळतो. संक्रांतीचं वाण घेऊन मी लासलगावला जाऊन येते आणि तिच्या सासूच्या कानावर घालते. आई-बाबांच्या मागे मीच तुमची थोरली, तेव्हा माझं ऐक.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमची माया आहे, तिच्याखातर तरी डोकं शांत ठेव.

तुझी,
वत्सलाअक्का

---

लासलगाव,
३ ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पावसाने ओढ दिली होती, आता बरा आहे. हे मजेत आहेत. अक्का संक्रांतीला येऊन गेली, वाण देऊन गेली, फार बरं वाटलं.

दादा, गिटार पुन्हा पाठवते आहे. तेच मांजर. मेलं घरातून जातच नाही. सासूबाई म्हणतात, मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. मी धुण्याच्या दगडावर घसरून पडले, पाठ अजून धरली आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे.

मागच्या वेळी दुरुस्तीला तू फार दिवस घेतलेस. तेवढे दिवस मला जड गेले. या वेळी बाकीची कामं बाजूला ठेव. राखीला येशीलच, तेव्हा घेऊन आलास तर फार उपकार होतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मीना

---

सिडको, नाशिक,
२० ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप अक्कास,
गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

राखीला लासलगावला जाऊन आलो. तुझी शपथ पाळली, तुझा गळा सुखरूप आहे.

गिटार दुरुस्त होण्यापलीकडची आहे. हलवली तर पोटात काहीतरी खुळखुळत होतं. उलटी करून झटकली, तर हिरव्या बांगडीचे तुकडे पडले. ते खिशात घालूनच मी गेलो. आधी बाजार समितीत उभा राहिलो. सुनीलराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून लिलाव पुकारत होते. ढिगात कोपरापर्यंत हात घालून कांदे वर काढायचे आणि आपटायचे. मी त्या हातांकडेच बघत राहिलो. घरी त्यांनीच मला आग्रह करून श्रीखंड वाढलं, मेहुणे मेहुणे म्हणून पाठीवर थापा मारल्या. त्या उकाड्यात मीनाने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं. मी स्वयंपाकघरात तिला विचारलं. मांजर, म्हणाली. तिच्या सासूने तोंड चुलीकडे फिरवलं. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं होतं, अक्का. मांजर असलेल्या घरात कुणी दूध उघडं ठेवतं का? माझ्याबरोबर चल म्हणालो, तर आत्ता नको म्हणाली आणि राखी बांधली.

मला हात उचलायचा नाही ना, ठीक आहे. मग मी त्याला मोडता येणार नाही अशी गिटार करतो. काम सुरूही केलं आहे. पाठ शिसवीचीच, पण दुहेरी. आतल्या पट्ट्या नेहमीच्या दुप्पट जाड. मान सागाची, तिच्यात कारखान्यातली पोलादी सळई, आणि मान नुसती चिकटवलेली नाही, थेट पोटातून आरपार नेली आहे. आवाज दबेल, मला कळतं. गिटार गाते ती पातळ लाकडामुळे. पण गाणं राहू दे. प्रत्येक पट्टी दाबून बसवताना मी त्याचं तोंड डोळ्यांपुढे आणतो. एकदा आपटू दे त्याला, मनगटं कोपरापर्यंत झिणझिणली पाहिजेत.

तू लहानपणी मला हट्टी म्हणायचीस, ते खरं होतं असं समज आणि लोभ ठेव.

तुझा,
गोरक्ष

---

नामपूर,
२२ जानेवारी १९९८

चि. गोरक्ष,
आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच.

मीना माझ्याकडे आहे आणि जिवंत आहे. काल शौकतभाईंनी तिला टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर गोधडी टाकून इकडे आणलं. तुझी ती गिटारही बरोबर आहे. हे पत्र तुझ्या हातात तेच देतील. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत चेचला आहे. डॉक्टरांकडून आल्यावर मी तिला आंघोळीला बसवलं, तर पाठीवर कुठे पाणी ओतावं ते कळेना. जुने वळ पिवळे, नवे काळेनिळे, एकावर एक. मी तुला जे लिहिलं होतं ते आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शेजारची सखुबाई मला धरून म्हणाली, पोर जित्ती शे ना, मंग बस.

आज सकाळी तो जीप करून आला. एक पाय ओढत होता. दारात उभा राहून म्हणाला, घरचा मामला आहे, माझी बायको बाहेर काढा. मी बंबाखालचं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या अंगावर गेले. बाही पेटली तेव्हा तो ओरडत ओट्यावरून खाली पडला. मी दुसरं लाकूड ओढलं. तुझ्या भावजींनी मला मागून धरलं नसतं, तर हे पत्र तुला पोलीस चौकीतून आलं असतं. चौकीत आम्ही गेलोच, पण तक्रार द्यायला. परत आल्यावर ती पितळी उकिरड्यावर फेकून दिली.

तुला घातलेली शपथ मी सोडवते. पण हात उगारायला येऊ नकोस, मीनाचा हात धरायला ये. आता आशीर्वाद, आणि लगेच निघ.

तुझी,
वत्सलाअक्का

---

नामपूर,
१५ मार्च १९९८

तीर्थस्वरूप दादास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

उजवा हात शाबूत आहे, म्हणून अक्षर चांगलं आहे. हे पत्र माझ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही.

तू आलास तेव्हा मला बोलता आलं नाही. गिटारीवर एवढासा ओरखडा बघून तू ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलीस, आणि जाताना बरोबर घेऊन गेलास. तेव्हा जे विचारत होतास ते आता लिहिते.

सुनील मारायला आला की मी गिटार पुढे धरायची. पहिल्यांदा चुकून धरली, नंतर ठरवून. तो ती हिसकावून घ्यायचा आणि तिनेच मारायचा. थोडं मला लागायचं आणि मग ती फुटायची. केवढा आवाज व्हायचा, तारा तुटून झणझणायच्या, शेजारी बाहेर यायचे. काहीतरी मोडलं की त्याचं भागायचं, दादा. तो थांबायचा. ती तुझ्याकडे दुरुस्तीला आली की त्याच्या नि माझ्यामध्ये काहीच नसायचं. म्हणून मी घाई करायची.

नवी आली तेव्हा तू शिकवलं तसं बोटाने पाठीवर वाजवून पाहिलं, तर भिंतीवर वाजवल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी बाजारात त्याचं कुणाशी तरी वाजलं होतं. मी नेहमीसारखी गिटार पुढे धरली. त्याने मारलं. ती मोडली नाही. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा मारलं. ती मोडेपर्यंत तो मारणार होता आणि ती मोडत नव्हती. गळ्याजवळचं हाड मोडलं, पण त्याचा आवाज इतका बारीक होता की त्याला ऐकूच गेला नाही. मी खाली पडले, डावा हात जमिनीवर टेकला, मग त्या हातावर. शेवटी तिच्या वजनाने त्याचे हात भरून आले. ती टेकवून तो धापा टाकत उभा राहिला. मी उजव्या हाताने मान धरली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो पडला. मी पुन्हा घातली. मला थांबावंसं वाटत नव्हतं, हे अक्काला सांगू नकोस. सासूबाईंनी दाराची कडी काढली आणि माझ्या हाताला धरलं. जा म्हणाल्या, शौकतचा टेम्पो उभा हाय, नाय तर तू बी त्याच्यावाणी होशील.

तू स्वतःला खात बसला असशील, मला माहीत आहे. त्याचा मला काही उपयोग नाही. त्यापेक्षा एक काम कर. डॉक्टर म्हणतात डावी बोटं आता वळणार नाहीत, अंगठा चालेल. म्हणजे त्या हाताने तारा दाबता येणार नाहीत, पण छेडता येतील. उलटी गिटार करता येते का रे? उजव्या हाताला दाबायला मी शिकवीन. आणि पातळ कर. मोडेल इतकी पातळ कर. इथे तिला कुणी हात लावणार नाही.

लोभ वजनाने कमी नको, एवढंच.

तुझी,
मीना

---

सिडको, नाशिक,
६ सप्टेंबर १९९८

चि. मीनास,
अनेक आशीर्वाद आणि सोबत एक गिटार.

उशीर झाला, कारण माझे हात इतक्या वर्षांच्या सवयीने चालतात. आतल्या पट्ट्या उलट्या बसवायच्या होत्या, मी पहिल्यांदा नेहमीसारख्याच चिकटवल्या. मग वाफ देऊन सगळ्या सोडवल्या. पुढची फळी कारखान्यात आलेल्या मशीनच्या खोक्यातली आहे, बारीक रेघांची. दिव्यासमोर धरली की पलीकडचा उजेड दिसेल इतकी घासली आहे. कानाजवळ धरून बोटाने वाजवली तेव्हा ती बोलली. फार दिवसांनी माझं लाकूड बोललं, मीना. मी तिथेच खाली बसून रडलो.

आधी ती न मोडणारी फोडायला घेतली होती. वाफेला दाद देईना, छिन्नीला देईना. शेवटी घणाने फोडली आणि तरीही फोडत राहिलो. शेजारच्या काकूंनी येऊन माझा हात धरला. तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या ते मला तेव्हा नीट कळलं. सळई भंगारात गेली. ढलप्या पोत्यात भरून याच टेम्पोतून अक्काला पाठवतो आहे, बंबाला होतील. शिसव चांगलं जळतं, तिला उपयोग माहीत आहे.

कोर्टाच्या तारखेला सुनील काठी टेकत आला होता. मी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि माझे खिशात घातले. पुढच्या तारखेला तू येणार आहेस असं अक्का म्हणाली. मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

या गिटारीच्या तारांवर अजून कुणाचा हात पडलेला नाही. मी सूरही लावलेले नाहीत. पहिला हात तुझा, डावा.

अक्काने मांजर पाळलं आहे, असं शौकतभाई सांगत होते. दूध झाकून ठेवत जा. गिटार खुंटीला टांग, आणि पडली तर पडू दे, नाजूक आहे, मोडेलच. मोडली की पाठवून दे. मांजराने पाडली असं लिहिलंस, तर या वेळी मी मांजरालाच शिव्या देईन.

तुझा,
गोरक्षदादा