शिकाऊंची दारू

८ फेब्रुवारी

आणखी एक कोंबडी गेली. या हिवाळ्यातली चौथी. कोल्ह्यासारखे हे कोयोट आता भर दिवसा कुंपणाशी येऊन उभे राहतात — जसे काही आपणच त्यांच्या अंगणात आलोय. माझे गुडघे मला खुराड्यापर्यंत नेईस्तोवर सगळं आटोपलेलं असतं. म्हणजे धावायचं बायकोनेच, लोरेटाने. आणि तिचं मनगट ऑपरेशननंतर अजून धड नाही.

आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर तिला पेलतं. दुकानातल्या काडतुसांचा झटका पेलत नाही. काल दोन बार काढले आणि संध्याकाळभर मनगटाला बर्फ लावून बसली.

तेव्हा काडतुसं मीच भरायची, हलकी. बेचाळीस वर्षं हेच करतोय. आता कंटाळा येतो. पण दुसरं कोण आहे?

११ फेब्रुवारी

माझ्या लांब नळीच्या रिव्हॉल्वरसाठी जी सावकाश जळणारी बंदुकीची दारू वापरतो, ती घालून पाहिली. दोन इंचांच्या नळीत ती जळून संपतच नाही. निम्मी बाहेर येऊन पेटते. केवढा जाळ!

लोरेटा कानांतले बोळे काढत म्हणाली, "ऑरिन, मला कोंबड्या वाचवायच्यात. भाजायच्या नाहीत."

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१५ फेब्रुवारी

दोघं डेल्बर्टच्या दुकानात गेलो. त्याने फळीवरून एक डबा काढला. "म्हातारबा, ही फुगीर दारू घे. हलकी आहे, आणि एका मापात काडतुसाची पुंगळी जवळजवळ भरते. चुकून दुसरं माप पडलं तर सांडेलच. आंधळ्यालासुद्धा कळेल."

मी म्हटलं, "ती शिकाऊंची दारू. ज्यांना मोजता येत नाही त्यांची."

"बरं बाबा, तुला येतं मोजता," म्हणाला.

लोरेटा बाजूला टोमॅटोच्या बियांची पाकिटं चाळत होती. 

बारीक, झटपट जळणारी घेतली. आखूड नळीला तीच बरी. तळाशी चिमूटभर पुरते, जाळ नाही, झटका मऊ. खोड एकच — रिकामी पुंगळी, एकदा भरलेली, दोनदा भरलेली, तिन्ही वरून सारख्याच अंधाऱ्या. म्हणून गोळी बसवण्याआधी दिवा धरून एकेका पुंगळीत डोकवायचं. बेचाळीस वर्षांत हे एकदाही चुकवलं नाही.

१९ फेब्रुवारी

दमलो. काही केलं नाही तरी दमलो.

२० फेब्रुवारी

नव्या दारूची दहा भरून लोरेटाला दिली. दहाही झाडली. "मऊ आहेत," म्हणाली. मनगट दुखलं नाही. ठरलं तर मग.

२४ फेब्रुवारी

पन्नास भरली. एकेकाळी हे तासाभराचं काम होतं. आज सकाळ गेली. डाव्या डोळ्यात धुकं आहे. मध्येच हात थांबला आणि कुठल्या पुंगळीपर्यंत आलो होतो तेच आठवेना. अंदाजाने पुढे गेलो.

लोरेटा दारात आली. "दिवा मी धरू का?"

"बेचाळीस वर्षं कोण धरत होतं?" मी खेकसलो. ती गेली. उगाच खेकसलो.

नंतर दिवा धरून बघितलं का? बघितलंच असणार.

बाबा शेवटी शेवटी ट्रकची चावी हातात धरून चावी शोधायचे. आम्ही पोरं हसायचो.

डब्यावर चिठ्ठी लावली — तारीख, दारूचं नाव, आणि "लोरेटासाठी, हलकी".

३ मार्च

डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू काढू या. आणि डोक्याचीही एकदा तपासणी करून घ्या, म्हणाला. वसंतानंतर बघू म्हटलं. येताना गाडी लोरेटाने चालवली. हल्ली तीच चालवते. कधीपासून, ते आठवत नाही.

११ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी नऊला कोंबड्यांचा कल्ला झाला. लोरेटा रिव्हॉल्वर घेऊन धावली. मी खिडकीत. कोयोट कुंपणाच्या आत, वीस पावलांवर. तिने चाप ओढला — आणि फटाकडीची नुसती टिकली वाजावी तेवढाच आवाज आला. कोयोट तिच्याकडे बघतच उभा.

कुणीही पुन्हा चाप ओढला असता. तिने हात खाली केला. रिव्हॉल्वर जमिनीकडे धरून ओरडत, पाय आपटत त्याच्या अंगावर गेली. तो पळाला. कोंबडी तोंडात घेऊनच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला शिकवलं होतं — आवाज बारीक आला तर थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असते. मागून दुसरी सोडली तर नळी हातात फुटते.

गोळी अडकलेलीच होती. पुंगळीत दारूच नव्हती, बुडाच्या टोपीच्या नुसत्या धक्क्याने ती नळीत जाऊन बसली. मी घातलीच नव्हती.

लोरेटाने कॉफी केली. "एखादं होतं असं," म्हणाली.

१२ मार्च

एक रिकामं राहिलं, तर त्याचं माप गेलं कुठे? या विचाराने झोप लागली नाही. सकाळी एकूण एक काडतूस गोळी उपसायच्या हातोडीने ठोकून उघडलं, दारू काट्यावर तोलली. डब्यातली सगळी ठीक.

मग रिव्हॉल्वरमधली उरलेली चार. त्यातल्या एकात दुप्पट दारू निघाली. पुढची पाळी त्याचीच होती. तिने पुन्हा चाप ओढला असता तर हेच उडालं असतं, बंद नळीत.

सगळी दारू गुलाबांच्या मुळाशी ओतली. तिथेच बसून राहिलो. रडलो, खोटं कशाला लिहू?

१३ मार्च

जेवताना तिला सगळं सांगितलं. दुपटीचंही. डोक्याची तपासणी करून घेतो म्हटलं. तिने माझ्या ताटात घेवड्याची उसळ वाढली आणि म्हणाली, "मंगळवारी जाऊ."

उद्या डेल्बर्टकडे जाऊन शिकाऊंची दारू आणतो. भरताना दिवा ती धरेल. मीच विचारलं.

१४ मार्च

डेल्बर्ट म्हणाला, "अरे, त्या दारूचा एक डबा लोरेटा घेऊन गेली ना? तुम्ही दोघं आला होतात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू मागशील तेव्हा देईन म्हणाली."

तळघरात जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे सापडला. सील न तोडलेला. म्हणजे माझ्या मोजण्याचा आता भरवसा नाही, हे तिला तेव्हापासून माहीत होतं. आणि तरी तीन आठवडे ती माझीच काडतुसं घालून कोंबड्यांकडे धावत होती.