उपवासाला चालणारं पीठ

शनवारा, बुऱ्हाणपूर
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. प्राजक्तास मम्मीचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुम्ही दोघंही बरी असाल. फोन सोडून हे पत्र कशाला, म्हणशील. तुझे पप्पा फोन स्पीकरवर टाकून शेजारीच बसतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाही.

पप्पांच्या उजव्या हाताचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. मीच भरवते. आता पोळी-भात खातात.

आधी मला बोलून घेऊ दे. तुझ्या त्या डाएटची मला शिसारी आली होती, प्राजू! साठ वर्षांचा धडधाकट माणूस, रोज सायकलने राजघाटावर जाऊन येणारा, ना शुगर ना बीपी. त्याला तू वाढदिवसाची भेट काय दिलीस, तर पोळी बंद, भात बंद. माझ्या दुधाच्या पातेल्यात अंडी उकडायची. कॉफीवर हा एवढा तुपाचा तवंग, आणि ते फुर्र करून ओढायचे की मला मळमळायचं. तोंडाला सडक्या फळासारखा वास. मी भिंतीकडे तोंड करून झोपायची. पोट साफ नाही, म्हणून दिवसभर चिडचिड. दिवाळीला फराळाचं ताट समोर ठेवलं तर म्हणाले, "उषा, हे सगळं जहर आहे." पस्तीस वर्षं माझ्या हातचं खाऊन आता जहर!

सुरुवातीला तीन किलो उतरले तेव्हा तू घरच्या ग्रुपवर फोटो टाकलास. मग काटा हलेना.

का हलेना, ते ऐक. गव्हाऐवजी बदामाच्या पिठाची पोळी, ती लाटताना तुटायची. फोपनारच्या मथुराबाई आपल्याकडे केळी घेऊन येतात ना, त्या कच्च्या केळ्यांचं पीठ करतात. त्यांनी किलोभर दिलं. मी म्हटलं, धान्यच बंद आहे ना? हे तर एकादशीलाही चालतं, मग डाएटला का चालू नये? अर्धं अर्धं मिसळलं. पप्पा खूष. "वा, आज बदाम जमला!"

आठ दिवसांनी काय काय खायचं नाही त्याची तुझी यादी आली. सगळ्यात वर केळं.

तरी मी मिसळत राहिले. उलट जास्तच घालायला लागले. मनात म्हटलं, वजन उतरलं नाही की कंटाळून सोडतील. सरळ भांडायची हिंमत नव्हती, म्हणून हे चोरटे धंदे.

मग तू ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलंस, "पप्पा चोरून खातात." ते फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. "उषा, देवाशप्पथ, मी काही खात नाही. तू घरातच असतेस, तूच सांग ना तिला." मी तेच पीठ मळत होते. म्हटलं, "मला काय माहीत, बाजारात जाऊन काय खाता!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी माझ्या हाताने दिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. दहाव्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन पडले, हात मोडला. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, अंगात मीठ-पाणी कमी, खराब कोलेस्टेरॉल वाढलंय. वर मलाच विचारलं, चांगल्या माणसाला हे डाएट कोणी सांगितलं? तू फोनवर रडलीस, "मम्मी, माझ्यामुळे झालं." मी तुला रडू दिलं. वरून म्हटलं, "आता बोलून काय उपयोग!"

कोलेस्टेरॉल तुझ्या त्या तुपाचं असेल. पण उपाशी ते माझ्यामुळे राहिले. पिठाचा डबा अजून फळीवर आहे. त्याच्याकडे बघितलं की अंड्यांच्या वासाने यायची नाही एवढी किळस मला माझी येते.

काल भरवताना त्यांनी विचारलं, "प्राजूला अजून वाटतं का गं, मी चोरून खायचो?" मी पुढचा घास तोंडाशी नेला.

हे पत्र बंद करण्याआधी त्यांना वाचून दाखवणार आहे. मग पाकिटावर तुझा पत्ता त्यांच्याच डाव्या हाताने लिहून घेणार. पाकीट परत एकदा बघ. अक्षर वेडंवाकडं असेल तर समज, मी सांगितलं. माझ्या अक्षरात असेल तर मला पुन्हा जमलं नाही. मग तूच फोन करून सांग त्यांना, स्पीकरवर, मी शेजारी बसलेली असताना.

घरातली खरी चोर,
तुझी मम्मी