बिनपैशांचा पाणी-जिल्हा

नोव्ही डोल, टेक्सस
४ मार्च २००१

चि. एर्विन यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू खुशाल आहेस असं धरून चालते. इथे मी ठीक. गुडघे कुरकुरतात, पण आपला शेजारी, पोलाचांचा लाडिक, त्यांच्याहून जास्त कुरकुरतो.

त्याला कारण आहे. पाणी विकणारी एक कंपनी आमच्या भागात मोठमोठे बोअर मारून तुमच्या शहराकडे पाणी नेणार म्हणते. इथला कायदा तुला ठाऊक आहेच. जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. हवं तेवढं उपसा. म्हणून आम्ही काहीजण भूजल जिल्हा काढायला निघालोय. लोकांनी निवडलेलं मंडळ असेल आणि मोठ्या उपशाला त्याची परवानगी लागेल. मे महिन्यात मतदान आहे. घोटाळा केलाय तो ‘जिल्हा’ या शब्दाने. इथे शाळा चालवायला एक वेगळा जिल्हा, दवाखाना चालवायला दुसरा, आणि दोघांचेही कर चालू. त्यामुळे शब्द ऐकला की माणसं खिशावर हात ठेवतात. लाडिक तर चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला, की व्लास्ता, आता शिंकांचाही जिल्हा काढ आणि रुमालावर कर लाव.

आता मुद्द्याचं. बाबांच्या जमिनीतला तुझा अर्धा भाग कंपनीला हवाय, आणि त्यांचा माणूस तुझ्याकडे येऊन गेला असं ऐकते. माझा बोअर तुझ्या कुंपणाला लागून आहे. तू सही केलीस, तर पहिला कोरडा पडेल तो माझा नळ. मग मी इथे राहायचं कसं, ते तूच सांग.

कळावे. लोभ आहेच, तो वाढव, आणि हिरवळीवरचं पाणी कमी कर.

तुझी व्लास्ताताई

सॅन अँटोनियो
१८ मार्च

ती. ताईस एर्विनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आशीर्वाद एक ओळ आणि रागावणं पानभर, म्हणजे तब्येत उत्तम दिसते.

होय, आला होता तो माणूस. दारात बूट पुसून आत आला आणि मी केलेली कॉफी शेवटपर्यंत प्याला, जे तुला आजवर जमलेलं नाही. रक्कम चांगली आहे. माझ्या निवृत्तिवेतनात घराचं छप्पर होत नाही, आणि त्या जमिनीने मला कराच्या बिलापलीकडे काही दिलेलं नाही. शिवाय मी नाही म्हटलं तर आणखी कुणी हो म्हणेल. मग तुझा नळ वाचला कसा?

तरी मतदानापर्यंत थांबतो. लोकांनी तुझ्या जिल्ह्याला हो म्हटलं, तर कागद कोराच परत पाठवीन. नाही म्हटलं, तर सही करीन, आणि तू माझ्याकडे राहायला ये. एकट्या माणसाला रागावणारं कुणीतरी हवंच.

लाडिकला नमस्कार. लोभ करावा, आणि शक्य तर ओरडा थोडा कमी करावा.

तुझा एर्विन

नोव्ही डोल
२४ जून

चि. एर्विनला आशीर्वाद वि. वि.

निकाल कळवायला उशीर झाला, कारण तो सांगावा कसा तेच कळेना. मतपत्रिकेवर प्रश्न दोन होते. जिल्हा हवा का? भरघोस हो. त्याला कर द्याल का? त्याहून भरघोस नाही. मंडळाने मला अध्यक्ष केलंय, आणि जिल्ह्याकडे पोस्टाच्या तिकिटापुरतेही पैसे नाहीत. तुझा शब्द यात कुठे बसतो, ते तूच बघ.

तेव्हा मंडळाच्या पहिल्याच सभेत कराच्या विरोधात सगळ्यात मोठ्याने ओरडलेला लाडिकच उठला आणि म्हणाला, की आगीचा बंब आपण कसा घेतला होता? मांस भाजा, केक लिलावाला काढा! झालं. कराचा एक सेंट न देणारी ही माणसं माझ्या खसखशीच्या रोलवर तुटून पडली. ज्याने घेतला त्याने तो पुन्हा लिलावात दिला, पुढच्यानेही तेच केलं. रोल इतक्या हातांतून फिरला, की शेवटी कुणी खाल्लाच नाही. लाडिकने तो तीनदा विकत घेतला आणि दर वेळी मला बजावलं, की हा कर नव्हे हं, व्लास्ता.

त्यातून जिल्ह्याचे नियम लिहून देणाऱ्या वकिलाची पहिली फी निघाली आणि बोअरमधलं पाणी मोजायची फीत आली. ती पहिल्यांदा माझ्याच बोअरमध्ये सोडली. कंपनीने पलीकडच्या शेतात नुसता चाचणीपुरता उपसा केला, तर माझं पाणी पार खाली गेलंय. लाडिकने फीत पुन्हा एकदा सोडून बघितली आणि मग गुंडाळली. एर्विन, मला भीती वाटते.

लोभ असू दे. उत्तर लवकर पाठव.

व्लास्ता

सॅन अँटोनियो
१ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद सही न करता परत पाठवला. त्या माणसाला विचारलं, की तुमची कंपनी खसखशीचा एकच रोल तीनदा विकत घेईल का? त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

तुझा जिल्हा जिंकला की हरला, ते मला अजून कळलेलं नाही. कर पुन्हा मतदानाला ठेवणार असशील, तर एक मतदार वाढला समज. त्यासाठी तिथे राहावं लागतं म्हणे, म्हणून हे घर भाड्याने देतोय आणि माझ्या अर्ध्या भागावर चाकांचं घर आणून उभं करतोय. मत कुठे टाकीन ते मात्र अध्यक्षबाईंनी विचारू नये. ते गुप्त असतं.

ताई, लहानपणी चक्रीवादळ आलं तेव्हा तळघरात आईसुद्धा रडत होती, आणि तू मला बटाटे मोजायला लावत होतीस. भीती वाटते असं तू मला आजवर कधीच म्हणाली नव्हतीस. ते वाक्य वाचलं आणि घरी यावंसं वाटलं. बाकीच्या सगळ्या सबबी.

माझ्यासाठी वेगळा बोअर नको. तुझ्याच बोअरला माझाही नळ जोडू. कोरडा पडला, तर दोघांचा पडेल.

लोभ असावाच, शेजारी होतोय, तेव्हा लागेल.

तुझा एर्विन