नकाशावर नसलेली वस्ती

नांदूरघाट,
१६ फेब्रुवारी

प्रिय तेजू,

प्रभूच्या नावात सलाम. हातात फोन असताना बाबा पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. फोनवर मला चार वाक्यांपुढे जमत नाही. तुझी आई होती तोवर ती बोलायची आणि मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण सवय गेलेली नाही. मागच्या दोन्ही वेळा तू आपल्या चर्चच्या मंडळीच्या शिफारसपत्राचं विचारलंस तेव्हाही मी नीट बोललो नाही. पंचांची बैठक व्हायची आहे, एवढंच सांगून फोन ठेवला. महिनाअखेरपर्यंत ते पत्र पोचलं नाही तर मिशनवाले दुसरी नर्स घेतील, हे माझ्या ध्यानात आहे.

नाताळात शेवटच्या दिवशी मेथी निवडता निवडता तू आफ्रिकेतल्या, मलावीच्या त्या दवाखान्याचं काढलंस. तीन वर्षं, म्हणालीस. मी म्हणालो, "इथं काय काम कमी आहे?" तू मेथीची जुडी बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "मग इथलं तरी करा, बाबा." दुसऱ्या दिवशी मिरजेच्या गाडीत बसलीस.

ते मला लागलं. पुढच्याच रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो. आपल्या चर्चच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे ना, ज्यावर बोट ठेवून आपण दर महिन्याला एका देशासाठी प्रार्थना करतो? तू लहान असताना खुर्चीवर चढून आफ्रिकेवर बोट ठेवायचीस. मी त्या नकाशाकडे हात केला आणि म्हणालो, यात नदीपलीकडची वस्ती कुठंच नाही. तिथली धडधाकट माणसं दिवाळीपासून ऊसतोडीला कर्नाटकात गेलीत आणि म्हातारी माणसं मागं एकटी आहेत. आठवड्यातून तीन दिवस आपण त्यांना जेवण देऊ. पाळकसाहेबांनी लगेच होकार दिला. बायकांनी भाकरी वाटून घेतल्या.

पहिल्याच दिवशी घोटाळा केला. आम्ही सहा जण साखराबाईंच्या दारात गेलो. त्या शेळ्या राखतात, सत्तरीच्या आहेत, मुलगा अंगद आणि सून दोघं तोडीला गेलेली. आपण चर्चमध्ये करतो तशी सगळी उपासना तिथंच केली. दोन गीतं, वाचन, लांबलचक प्रार्थना. भाकरी गार झाली. मग मोठ्या मानानं डबा उघडला तर आत अंड्याचं कालवण! साखराबाई माळकरी. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अवो, माझ्या गळ्यातली माळ दिसली न्हाई का? प्रार्थना डोळे मिटून करता ते ठीक हाय, निदान येताना तरी उघडे ठेवा."

तेजू, मला आफ्रिकेतल्या देशांच्या राजधान्या पाठ आहेत. नदीपलीकडची बाई काय खाते हे पन्नाशीला आलो तरी माहीत नव्हतं.

त्यानंतर आम्ही आधी विचारायला शिकलो. कुणाला भाकरी नको, पाणी भरून हवं. कुणाला कर्नाटकात फोन लावून हवा. मुंजाजी नावाचे एक म्हातारे आहेत, त्यांनी मला सगळ्यांसमोर अडवलं. "कावून बे, भाकरी खाऊन आमी नाव बदलायचं का काय?" मी म्हणालो, "नाव तुमचं तुम्हाला राहू द्या काका, डबा तेवढा घासून परत द्या." आता ते डबा घासूनही देतात आणि मीठ कमी पडल्याचंही सांगतात. गॅरेजवाला नबी गुरुवारी त्याची रिक्षा देतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला. "पेट्रोल तुमचं, गाडी माझी, दुवा निम्मी निम्मी," असं ठरलंय. साखराबाईंनी एकदा विचारलं, तुमी कुणाचं नाव घेऊन येता. मी त्यांना येशूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट सांगितली. त्यांनी शेळीला पाला टाकत ऐकली. पुढचं देवाच्या हाती.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगतो. हे सगळं मी सुरू केलं ते तुला अडवायला. इथंच एवढं काम आहे, असं तुला दाखवून द्यायचं होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं. साखराबाई ज्या ओट्यावर बसून वाट बघतात, तिथं मला मी दिसत होतो.

परवा डबा घेऊन गेलो तर साखराबाई दारातच उभ्या. अंगदचा फोन आला होता. सुनेला उसाच्या फडातच कळा आल्या, मूल आडवं होतं. कारखान्याजवळच्या मिशन दवाखान्यातली एक नर्स गाडी घेऊन फडात आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. "ती पोरगी लई लांबची हाय म्हणं. तिला कानडी येत न्हाई, आपलीबी भाषा येत न्हाई. पर दोन दिवस सुनंजवळून हलली न्हाई." मग हातातल्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "तिच्या मायबापाला कोण डबा देत असंल वो?"

 तिथंच ओट्यावर बसलो आणि तुझं सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग जाऊ द्या की तिला. तुमचा डबा मी देईन. पर अंडं मिळायचं न्हाई."

पंचांची बैठक दहा जानेवारीलाच झाली, तेजू. सगळ्यांनी आनंदानं संमती दिली, पाळकसाहेबांनी सही केली. फक्त सेक्रेटरीची सही राहिली होती, आणि सेक्रेटरी मी. सव्वा महिना ते पत्र माझ्या गीतांच्या पुस्तकात होतं आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. मला क्षमा कर. आज सकाळी सही केली. मूळ कागदच लागतो म्हणून हे टपाल. शिफारसपत्र याच पाकिटात आहे, घडी नीट उघड. काल उपासनेनंतर मी नकाशावर मलावीपाशी पेन्सिलीनं एक टिंब काढलं, आणि नदीपलीकडची वस्ती जिथं असावी तिथं अंदाजानं दुसरं. जायच्या आधी दोन दिवस तरी घरी ये. साखराबाईंना तुला बघायचं आहे.

तुझाच,
बाबा